लवंगेच्या तेलाचा बोळा

लोटन आबांचा पुढचा दात मोडला तो पपईच्या शेतात, आणि तोही निव्वळ आळसापायी. ठिबकच्या नळीचं टोपण घट्ट बसलं होतं. पक्कड घरी राहिली होती आणि घर होतं दहा मिनिटांवर. ही दहा मिनिटं वाचवायला सहासष्टाव्या वर्षी माणसानं दातांनी टोपण ओढू नये, हे कुणीही सांगितलं असतं. पण सांगायला तिथं कुणी नव्हतं. टोपण निघालं आणि त्याच्याबरोबर अर्ध्याहून जास्त दातही निघाला.

घरीही कुणी नव्हतं. म्हणजे बायको वारली वगैरे काही नाही, गजराबाई चांगल्या ठणठणीत होत्या, फक्त सुरतेला होत्या. ललितला, म्हणजे मुलाला, पहिली मुलगी झाली तेव्हा सव्वा महिन्यासाठी म्हणून गेल्या. मग सून नोकरीला लागली, मग दुसरं मूल झालं, आणि त्या सव्वा महिन्याला आता चार वर्षं होत आली होती. विधुराची गावात निदान कुणी विचारपूस तरी करतं. ज्याची बायको धडधाकट, मुलगा कमावता आणि शेताला पाणी, त्यानं 'मला करमत नाही' म्हटलं तर लोणखेड्यातली माणसं तोंडावर हसली असती. म्हणून आबा म्हणत नसत. करमत मात्र खरंच नव्हतं.

त्यात हा माणूस एसटीचा कंडक्टर. तेहेतीस वर्षं भरल्या गाडीत 'पुढे सरका, पुढे सरका' करत घसा फोडलेला. ज्याला बोलल्याशिवाय घास गिळवत नाही, तो आता दिवसभरात दुकानदाराशी आणि पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरशी मिळून दहा वाक्यं बोले. त्यातली सहा स्टार्टरशीच असत, तीही शिव्यांची.

दात मोडल्यावर दुसऱ्या दिवशी आबा शहाद्याला डॉक्टर चेतना मॅडमच्या दवाखान्यात गेले. बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर एक खोली, पुढे चार खुर्च्या. मॅडम चाळिशीच्या, हाताला हलक्या आणि स्वभावाला कडक. त्यांनी फोटो काढला, पडद्यावर दाखवला आणि म्हणाल्या, "वरचं गेलंय, पण मूळ शाबूत आहे. ते उपटायचं नाही. रूट कॅनल करू, मग मुळात फायबरची काडी बसवू, ती पक्की चिकटवू आणि तिच्यावर नवा दात उभारू. पाच-सहा फेऱ्या पडतील."

पाच-सहा फेऱ्या म्हटल्यावर दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. आबांनी विचारलं, "मंगळवारले येऊ का?"

त्याचं कारण खुर्चीच्या डाव्या बाजूला उभं होतं. आशा. मॅडमच्या हाताखालची मुलगी, तेवीस-चोवीस वर्षांची, नवापूरकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. शहाद्यात खोली घेऊन राहत होती. तिनं आबांच्या गळ्याखाली हिरवा कपडा लावला, डोक्याखालची उशी सारखी केली आणि वाकून विचारलं, "आबा, दुखतंय का? सकाळी जेवून आलात ना?"

आता हे वाक्य ती दिवसातून वीसजणांना म्हणत असणार. उपाशीपोटी टोचलं तर चक्कर येते, म्हणून विचारायचं, एवढाच त्याचा अर्थ. आबांनाही ते कळत होतं. पण 'जेवलात का' हे समोरासमोर, नजरेला नजर देऊन आपल्याला शेवटचं कुणी विचारलं, हे त्यांना आठवेना. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि मॅडमना वाटलं, दुखतंय.

हिरडी बधिर व्हायला दहा मिनिटं लागत. तेवढा वेळ मॅडम दुसऱ्या पेशंटकडे आणि आशा आबांजवळ. "तू कोणता गावनी शे?" आबांनी पहिल्याच दिवशी विचारलं. तिनं सांगितलं. "अरे! त्या रूटले मी सात वरीस काढात!" आणि मग अर्ध्या बधिर ओठांनी त्यांनी विसरवाडीपासून पुढचे एकूण एक थांबे म्हणून दाखवले, कुठे कोण चढे, कोण कोंबड्यांची टोपली सीटखाली सरकवून अर्धं तिकीट मागे, सगळं. आशा मास्कच्या आत हसत होती. तिच्या आजीचा थांबा त्यांना पाठ निघाला तेव्हा तर ती मोठ्यानं हसली. आबा घरी आले ते शीळ घालत. म्हणजे घालायला गेले, मोडक्या दातातून नुसती हवा गेली.

मग आबांचा आठवडा मंगळवारी सुरू होऊन मंगळवारी संपायला लागला. सोमवारी दाढी, मंगळवारी इस्त्रीचा सदरा. एकदा आशासाठी पपया नेल्या, मॅडमसाठीही नेल्या, म्हणजे कुणाला काही वाटायला नको.

तिसऱ्या फेरीला मुळाचं काम संपलं. मॅडमनी काडीसाठी आत पोकळी केली आणि तिचं तोंड कच्च्या सिमेंटनं बंद करायला आशाला सांगितलं. कच्ची सिमेंटं दोन असतात. एक पिवळी पूड, ती लवंगेच्या अर्कात कालवतात. बहुतेक पेशंटना तीच. दुसरं पांढरं, डबीतून तयार मिळणारं, त्यात लवंग नाही. ज्या मुळात काडी चिकटवायची तिथं पांढरंच हवं, कारण लवंगेचा अंश आत राहिला तर वरचं चिकटवण नीट घट्ट होत नाही. आशानं पांढरं भरलं. आबांनी स्वतः पाहिलं. डबी त्यांच्या नाकासमोरून गेली होती.

"आठ दिवस जपा," मॅडम म्हणाल्या. "काही कडक खाऊ नका आणि आत काही घालू नका."

आबांनी काही घातलंही नसतं. पण चौथ्या दिवशी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी खाताना ते पांढरं सिमेंट घासाबरोबर निघून आलं. आत भोक. त्यात मिरचीचा कण अडकला, हिरडी हुळहुळायला लागली. खानदेशात दाताला काही झालं की माणूस काय करतो? लवंगेच्या तेलाची बाटली शोधतो. डॉक्टर नंतर, बाटली आधी. आबांनी कापसाचा बोळा तेलात बुडवला आणि भोकात दाबून बसवला. गार वाटलं. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ नवा बोळा. आपण दाताची उत्तम काळजी घेतोय, अशीच त्यांची समजूत होती.

मंगळवारी त्यांनी बोळा काढला, खळखळून चुळा भरल्या, वर मूठभर बडीशेप खाल्ली. वास यायचा प्रश्नच नव्हता. दातांच्या दवाखान्यालाच लवंगेचा वास असतो.

मॅडमनी आरसा आत घातला आणि भुवया वर केल्या. "सिमेंट कुठे गेलं?"

तीन दिवस भोक उघडं ठेवून आलो म्हटलं तर मॅडम फाडून खातील, असं आबांना वाटलं. "आज सकायलेच निंघी गयं," ते म्हणाले.

"मधे आत काही घातलं का? लवंगेचं तेल वगैरे?"

विनातिकीट प्रवासी कसा बोलतो हे आबांइतकं कुणाला ठाऊक असणार? तो नजरेला नजर देतो आणि पटकन उत्तर देतो. आबांनी नेमकं तसंच केलं. "नही मॅडम. काहीच नही लायं."

झालं. एवढंसं खोटं, शाळकरी पोरानं सांगावं तसलं. मॅडमनी मूळ धुतलं, निळं जेल लावलं, पुन्हा धुतलं, कागदाच्या बारीक बारीक वाती आत घालून पाणी टिपलं. मग केसाएवढ्या ब्रशनं चिकटवणाचा हात फिरवला, वर सिमेंट, आणि त्यात ती पांढरी काडी अलगद उतरवली. आशानं निळा दिवा धरला आणि हळू आवाजात चाळीसपर्यंत आकडे म्हटले. मॅडमनी वर दाताचा आकार उभारला, तात्पुरती टोपी चढवली, पक्क्या टोपीसाठी माप घेतलं. "आता पुढच्या मंगळवारी टोपी बसवली की तुमची सुटका," त्या म्हणाल्या.

सुटका म्हटल्यावर आबांचा चेहरा उतरला. तो कुणी पाहिला नाही.

शनिवारी दुपारी खिचडी खाताना टोपी, दात आणि काडी, सगळं एका तुकड्यात ताटात पडलं. आबा त्याच्याकडे बघत बसले. आणि खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला. आता टोपीची फेरी होती त्याच्या आधी आणखी एक फेरी आली. त्यांनी तो तुकडा धुऊन रुमालात बांधला आणि मंगळवारची वाट बघायला लागले.

मंगळवारी मॅडमनी तुकडा उजेडात धरला. काडीला लागलेलं सिमेंट नखानं खरवडलं, तर ते मेणासारखं निघालं. त्यांनी आबांच्या तोंडात दोन्ही बाजूंना कापसाचे बोळे बसवले, थुंकी ओढणारी नळी अडकवली, आत बघितलं आणि सरळ उभ्या राहिल्या.

"आशा, काडी बसवायच्या आधी कच्चं सिमेंट कुठलं भरलं होतंस?"

"पांढरं, मॅडम."

"नक्की? हे चिकटवण घट्टच झालेलं नाही. आत लवंगेचा अंश गेल्याशिवाय असं होत नाही. आबांनी तर काही घातलेलं नाही. मग पिवळंच भरलं असणार ना?"

"नाही मॅडम, पांढरंच भरलं. डबी..."

"दोन्ही डब्या एकाच कप्प्यात ठेवतेस. मी तुला दहा वेळा सांगितलंय." मॅडमचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "पेशंटनं माझ्यावर भरवसा ठेवून दात दिला. तो कच्चा राहिला तर नाव माझं जातं. उद्यापासून खुर्चीपाशी नको तू. बाहेर नोंदणीला बस. महिना संपला की बघू ठेवायचं का."

आबा तोंड उघडं टाकून खुर्चीत आडवे. बोळे, नळी, डोळ्यांवर दिवा. बोलता येणं शक्यच नव्हतं, ही त्यांची बाजू. पण पुढे वीस मिनिटांनी मॅडमनी आत औषध भरून वरून पक्कं बंद केलं, बोळे काढले, नळी काढली आणि म्हणाल्या, "माफ करा आबा, चूक आमची आहे. पुढच्या मंगळवारी मी स्वतः सगळं करते." तेव्हा तोंड मोकळं होतं. आशा सिंकपाशी पाठ करून ट्रे धूत होती. तिची पाठ हलत होती.

आबा म्हणाले, "बरं, मॅडम." आणि जिना उतरले.

तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. शेतात पाणी सोडलं आणि बंद करायला विसरले. जेवण शिजवलं ते तसंच राहिलं. मनाशी हिशेब चालू. सांगावं, तर मॅडम म्हणतील, म्हातारं खोटारडं आहे, पुन्हा पायरी चढू नका. आशा म्हणेल... ती काय म्हणेल, तिथपर्यंत ते जातच नसत. न सांगावं, तर मंगळवार शाबूत राहील. पण कुठला मंगळवार? जिच्यासाठी जायचं तिलाच आपण खुर्चीपासून उठवलं.

गुरुवारी गजराबाईंचा व्हिडिओ फोन आला. आबांनी ठरवलं होतं, हिला सांगू. आयुष्यभर सांगत आलो, हेही सांगू.

"दात बसना का?" गजराबाईंनी विचारलं.

"आयक ना, त्या दातनं काय व्हयनं..."

तेवढ्यात नात मधे घुसली. तिनं शाळेत काढलेला मोर दाखवला, मग नाचून दाखवलं, मग फोन पलंगाखाली पडला. गजराबाईंचा आवाज लांबून आला, "जेवनात का?"

"जेवनू," आबा म्हणाले. जेवले नव्हते. पलंगाखालची फरशी थोडा वेळ दिसत राहिली, मग फोन बंद झाला.

मंगळवारी आबा वेळेच्या आधीच पोचले. बाहेरच्या टेबलाशी आशा बसली होती. तिनं मान वर केली, वही पुढे ओढली.

"नाव?"

महिनाभर दर मंगळवारी 'या आबा' म्हणणारी मुलगी. आबांनी घसा खाकरला. "लोटन दगा पाटील."

तिनं लिहिलं. "बसा."

आबा बसले नाहीत. थेट आत गेले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले, पाय जमिनीवर ठेवून. मॅडम हातमोजे चढवत होत्या. त्या बोळा घेऊन पुढे आल्या तसं आबांनी हात आडवा धरला. हा बोळा एकदा तोंडात गेला की आपण पुन्हा सुटणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"मॅडम, लवंगनं तेल मी लायं व्हतं. तीन दिवस. सिमेंट चौथ्याच दिवशी निंघी जायेल व्हतं. पोरनी काही चुकी नही. तिनी पांढरंच भरं, मी डोयाघाई देखं."

मॅडमनी हातातला बोळा ट्रेमध्ये टाकला. एरवी पेशंटशी शुद्ध बोलणाऱ्या, पण राग आला की त्यांच्या तोंडीही माहेरची बोली येई. "मी तिले इतलं बोलनू, आबा! तुमी आठेच बठेल व्हतात ना?"

"तव्हय तोंडमा बोळा व्हता."

"आनि बोळा काढा त्याना बाद?"

दरवाजात आशा उभी होती, ते आबांना उशिरा दिसलं. दिसलं तरी आता थांबता येत नव्हतं. ते फरशीकडे बघत म्हणाले, "घरमा बोलाले कोणी नही, मॅडम. आठे हाई पोर इचारे, दुखस का, जेवनात का. माले आठे येवाले बरं वाटे. खरं सांगं असतं ते तुमी येऊ दिधं नसतं."

थुंकी ओढणारी नळी मघापासून घरघरत होती. मॅडमनी बटण दाबून ती बंद केली. मग त्या आशाकडे वळल्या आणि पेशंटसमोर, सरळ म्हणाल्या, "आशा, माझं चुकलं. मी तुझं ऐकायला हवं होतं. ये, हात धू."

आशानं हात धुतले, मोजे चढवले, डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. हिरवा कपडा लावला. उशी सारखी केली. मॅडमनी मूळ आधी स्पिरिटनं पुन्हा पुन्हा पुसलं, आतली भिंत जरा खरवडून ताजी केली, मग धुणं, टिपणं, चिकटवण, काडी. सगळं मागच्यासारखंच. आशानं दिवा धरला. आकडे तिनं मनातच म्हटले असावेत. दिवा विझल्यावर मॅडमनी चिमट्यात काडी पकडून ओढून पाहिली, आधी हळू, मग जोर लावून. काडी हलली नाही.

आठवड्यानं पक्की टोपी आली. रंग इतका जुळला की आरशात कुठला दात नवा ते आबांनाच ओळखता येईना. मॅडम समाधानानं हसल्या, म्हणाल्या, "आता टोपणं पकडीनं काढायची," आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या. त्यांच्या मनात काही राहिलेलं नव्हतं. कडक माणसांचं असं असतं.

आशा कपडा काढत होती. आबांना वाटलं, आता किंवा कधीच नाही. "पोरी, मन्हावर राग शे का?"

तिनं कपड्याची घडी केली. "राग नाही, आबा." मग ट्रेमधली हत्यारं एकेक उचलत, "त्या दिवशी मी घरी आईला फोन केला. म्हटलं, मी पांढरंच भरलं होतं. आई म्हणाली, डॉक्टर शिकलेल्या आहेत, त्या कशाला चुकतील, तूच विसरली असशील. मग मलाच वाटायला लागलं की मी पिवळं भरलं. आठ दिवस मी रोज आठवून बघत होते. मला ते पिवळंच दिसायला लागलं होतं." तिचा आवाज कुठेही चढला नाही. "बुधवारी मी मॅडमची माफीसुद्धा मागितली."

आबांच्या तोंडात बोळा नव्हता, नळी नव्हती. सगळे दात जागच्या जागी होते.

ते खुर्चीतून उतरले, चपला घातल्या, दरवाजापर्यंत गेले आणि तिथून मागे न बघता विचारलं, "मंधमा कव्हय येऊ का? असाच, भेटाले?"

आशानं दिवा बाजूला वळवला आणि पुढच्या पेशंटसाठी खुर्ची पुसायला घेतली.

"दात दुखला तर या, आबा," ती म्हणाली. चांगल्या, मऊ आवाजात म्हणाली, जसं ती सगळ्यांनाच म्हणायची.

त्या दातातली नस मॅडमनी पहिल्याच महिन्यात काढून टाकली होती. तो आता कधी दुखणार नव्हता. आबांनी मान डोलावली आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागले.